कारखान्याच्या फाटकापलीकडचा हिशेब

इगतपुरीतला महिंद्राचा इंजिन कारखाना 2019 मध्ये देशातला पहिला कार्बन-तटस्थ कारखाना म्हणून प्रमाणित झाला. वर्षानुवर्षे वीज वाचवून, सौरऊर्जेचा वापर वाढवून आणि उरलेल्या उत्सर्जनाची वृक्षलागवडीने भरपाई करून त्याने हा टप्पा गाठला. ही कामगिरी कौतुकाची आहे. मात्र या कारखान्यातून बाहेर पडलेले इंजिन गाडीत बसते आणि पुढची पंधरा वर्षे इंधन जाळत फिरते, हेही तितकेच खरे आहे. मोटार उद्योगाच्या हरित होण्याविषयी जगभर जो वाद चालला आहे, त्याचे मूळ या दोन गोष्टींच्या शेजारी-शेजारी असण्यात आहे.

एका बाजूचे म्हणणे असे, की जगातल्या सर्वांत मोठ्या उद्योगांपैकी एक उद्योग बदलायला लागला आहे, तर त्याला बळ द्यावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की हा बदल छपराच्या सौरपट्ट्यांपुरता आणि अहवालांच्या गुळगुळीत पानांपुरता आहे. दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर या पट्ट्यात लाखो घरांची चूल या उद्योगावर पेटते, म्हणून महाराष्ट्राने तरी हा वाद घोषणांवर न सोडता आकडे मांडून तोलायला हवा.

आधी झालेल्या कामाची नोंद घेऊ. महिंद्राने 2016 मध्ये कंपनीअंतर्गत प्रत्येक टन कार्बनला 10 डॉलर अशी किंमत लावली. म्हणजे नवे यंत्र घ्यायचे की नाही हे ठरवताना त्याच्या धुराचाही खर्च हिशेबात धरायचा. टाटा मोटर्स त्याच वर्षी पूर्णपणे अक्षय वीज वापरण्याचा संकल्प करणाऱ्या कंपन्यांच्या जागतिक गटात दाखल झाली. प्रवासी वाहनांच्या व्यवसायात 2040 पर्यंत आणि व्यापारी वाहनांच्या व्यवसायात 2045 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचे, असे तिने पुढे जाहीर केले. चाकणला स्कोडा-फोक्सवॅगनच्या कारखान्याच्या छतावर मोठा सौरप्रकल्प उभा आहे. मारुती सुझुकीने 2013 मध्ये स्वतःच्या मालगाड्या चालवण्याचा परवाना मिळवला आणि आता गुजरातमधील हंसलपूर व हरियाणातील मानेसर इथल्या कारखान्यांच्या आवारातच रेल्वेचे रूळ पोहोचले आहेत. 2024-25 मध्ये कंपनीच्या दर चार गाड्यांपैकी जवळपास एक गाडी रेल्वेने रवाना झाली. युरोपातही हेच वारे आहे. जर्मनीतल्या त्स्विकाऊ इथला फोक्सवॅगनचा जुना कारखाना 2020 मध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्या थांबवून पूर्णपणे विजेच्या गाड्यांकडे वळला. हंगेरीत डेब्रेत्सेन इथे बीएमडब्ल्यूने असा कारखाना उभारला आहे, की त्याच्या नेहमीच्या कामकाजात खनिज इंधन जाळावे लागत नाही.

यातले काम किती खरे आहे हे पाहायचे असेल तर पेंट शॉपमध्ये जावे. मोटारीच्या कारखान्यात सर्वाधिक ऊर्जा खाणारा विभाग तोच. जुळणीच्या कारखान्यातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा तिथे खर्च होते. वेल्डिंग होऊन आलेली बॉडी आधी गरम पाण्याने आणि रसायनांनी धुतली जाते, तिच्यावर फॉस्फेटचा थर चढतो, मग ती आख्खीच्या आख्खी टाकीत बुडते आणि विजेच्या प्रवाहाने गंजरोधक लेप पत्र्याच्या सांदीकोपऱ्यांत जाऊन बसतो. तिथून ती ओव्हनमध्ये जाते, 160 ते 180 अंश सेल्सिअसला. मग प्रायमर आणि पुन्हा ओव्हन. मग रंग, त्यावर चमकदार क्लिअर कोट आणि पुन्हा एकदा ओव्हन. रंग मारण्याच्या बूथमध्ये तापमान आणि दमटपणा ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊन चालत नाही. गेला, तर रंग खडबडीत बसतो आणि बॉडी परत घासायला जाते. जुलैतली पुण्याची दमट हवा असो की एप्रिलमधली कोरडी, बूथमधली हवा तीच ठेवायची म्हणजे रात्रंदिवस ती गरम करा, थंड करा, सुकवा आणि पुन्हा बाहेर सोडा.

इथे गेल्या काही वर्षांत मोठी सुधारणा झाली आहे. प्रायमर ओला असतानाच त्यावर पुढचे थर देण्याची पद्धत अनेक कारखान्यांनी आणली. त्यामुळे मधला एक ओव्हनच गेला. बूथमधली हवा एकदा वापरून फेकून देण्याऐवजी गाळून पुन्हा फिरवली जाते. उडालेला रंग पाण्याच्या पडद्याने पकडण्याऐवजी कोरड्या गाळण्यांनी पकडला, की पाणीही वाचते आणि रंगाचा गाळही कमी होतो. ही बचत जाहिरातीतली नाही, ती वीज आणि गॅसच्या बिलात दिसते. मोटार कंपन्यांच्या बाजूने पहिला भक्कम मुद्दा हाच आहे: कारखान्याच्या चार भिंतींत पर्यावरणाचे हित आणि कंपनीचे हित बऱ्याच अंशी एका दिशेने चालतात, त्यामुळे तिथला बदल टिकाऊ आहे. उद्या व्यवस्थापन बदलले, तरी काढून टाकलेला ओव्हन कोणी परत बसवणार नाही.

‘हे सगळे पैशासाठी करतात’ हा आक्षेप म्हणूनच फारसा टिकत नाही. साताऱ्याजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर बजाज ऑटोने या शतकाच्या सुरुवातीला सुमारे 65 मेगावॉटच्या पवनचक्क्या उभ्या केल्या, तेव्हा पवनचक्क्यांवरच्या घसाऱ्याला मिळणारी करसवलत हे अशा गुंतवणुकीमागचे मोठे आकर्षण होते. त्या सवलतीने पठारावरच्या वाऱ्यातून तयार झालेली वीज काही कमी स्वच्छ झाली नाही. उद्योगाने परोपकारासाठी बदलावे अशी अपेक्षा धरली तर बदल कधीच होणार नाही. नफ्याच्या वाटेवर स्वच्छता ठेवणे हे धोरणाचे काम असते आणि ती तिथे ठेवली, की उद्योग ती उचलतो, हा अनुभव आहे.

आता दुसरी बाजू. टीकाकारांचा सर्वांत वजनदार मुद्दा प्रमाणाचा आहे. मोठ्या मोटार कंपन्यांच्या एकूण उत्सर्जनात त्यांच्या स्वतःच्या कारखान्यांचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो. बाकीचे सगळे फाटकाच्या अलीकडे आणि पलीकडे घडते: अलीकडे पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, बॅटरीचे सेल, पलीकडे रस्त्यावर जळणारे पेट्रोल किंवा चार्जरमधून येणारी वीज.

साधा हिशेब करून पाहू. लिटरला 15 किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी आयुष्यात दीड लाख किलोमीटर धावली, तर 10 हजार लिटर पेट्रोल जाळते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे झाले 23 टन. त्याच गाडीत 700 किलो पोलाद आहे असे धरू. भारतात एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन सुटतो, म्हणजे केवळ पोलादाचेच पावणेदोन टन. पेंट शॉपमधल्या शर्थीच्या बचतीतून दर गाडीमागे वाचणारा कार्बन या आकड्यांशेजारी ठेवला, की प्रश्न कुठे दडला आहे ते कळते. ‘आमचा कारखाना कार्बन-तटस्थ आहे’ हे वाक्य खोटे नसते. पण ते गाडीबद्दल फार थोडे सांगते.

दुसरा मुद्दा कागदोपत्री ताळेबंदाचा. ‘शंभर टक्के हरित वीज’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो, की वर्षभरात जितकी युनिटे वापरली तितकी हरित युनिटे कंपनीने कुठेतरी निर्माण केली, विकत घेतली किंवा त्यांची प्रमाणपत्रे घेतली. कारखाना मात्र तीन पाळ्यांत चालतो. रात्रपाळीला छतावरच्या सौरपट्ट्या झोपलेल्या असतात आणि वेल्डिंगच्या रोबोंना लागणारी वीज बहुतांशी कोळशाची असते. वर्षाचा ताळेबंद जुळला, तरी तासाचा जुळत नाही. पवनऊर्जा आणि साठवणीच्या बॅटऱ्या जोडीला आल्या तर ही फट बुजवता येते, पण तो खर्च करण्याऐवजी वर्षाच्या बेरजेवर समाधान मानणे सोपे पडते.

तिसरा मुद्दा विश्वासाचा. 2015 मध्ये फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या चाचण्यांत लबाडी करणारे सॉफ्टवेअर वापरल्याचे उघड झाले, तेव्हापासून या उद्योगाच्या शब्दाला लागलेला बट्टा अजून पुरता पुसलेला नाही. व्होल्वोने 2021 मध्ये सांगितले होते, की 2030 पासून आम्ही फक्त विजेच्या गाड्या विकू. 2024 मध्ये तो शब्द मागे घेतला. मर्सिडीजनेही त्याच वर्षी आपले लक्ष्य सैल केले. बाजार मंदावला, चार्जिंगची सोय अपुरी पडली, ही कारणे खरी असतील. परंतु दूरच्या सालाची घोषणा करताना मिळालेली वाहवा कंपनीच्या पदरात राहते आणि माघारीची बातमी आतल्या पानावर जाते. म्हणून घोषणेपेक्षा मधल्या वर्षांचे टप्पे विचारले पाहिजेत.

चौथा मुद्दा आपल्या देशात सर्वांत बोचरा आहे. भारतात 2024-25 मध्ये सुमारे 43 लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यातली जवळपास 65 टक्के एसयूव्ही आणि त्या वर्गातली मोठी वाहने होती. गाडी जितकी जड, तितके पोलाद जास्त आणि इंधन वा वीज जास्त. सरासरी उत्सर्जनाची सरकारी मर्यादा 2022-23 पासून किलोमीटरला 113 ग्रॅम अशी कडक झाली आहे. पण ही मर्यादा कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी वजनाशी बांधलेली आहे; गाड्या जड असतील तर मर्यादा सैल होते. एकीकडे कारखान्यात ग्रॅम-ग्रॅम वाचवायचा आणि दुसरीकडे दरवर्षी अधिक वजनदार गाडी लोकांना हवीशी करायची, यात मिळवलेले बरेचसे निसटते. याला कंपन्या जबाबदार आहेत, तसे नियम करणारे सरकार आणि उंच गाडीला प्रतिष्ठा मानणारे आपण ग्राहकही.

यावर कंपन्यांचे उत्तर तयार असते: आम्ही विजेच्या गाड्या आणतोच आहोत. चाकणला महिंद्राच्या नव्या विद्युत एसयूव्ही बनतात. टाटा मोटर्सने देशात विजेच्या मोटारीला बाजार मिळवून दिला. हे उत्तरही नीट तपासावे. विजेची गाडी एका युनिटवर 7 किलोमीटर जाते असे धरले आणि चार्जिंगमधली गळती जमेस धरली, तर दीड लाख किलोमीटरसाठी सुमारे 24 हजार युनिट लागतात. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन सुटतो. म्हणजे सुमारे 17 टन आणि वर बॅटरी बनवण्याचे काही टन. पेट्रोलच्या बाजूलाही तेल काढणे, शुद्ध करणे, वाहून आणणे यांचा भार येतोच. एकूणात विजेची गाडी पुढे आहे, पण फरक आपल्याला वाटतो तितका मोठा नाही. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयसीसीटी या संस्थेच्या 2021 च्या अभ्यासाचाही निष्कर्ष असाच आहे. पूर्ण आयुष्याचा हिशेब धरता, विजेच्या मध्यम आकाराच्या गाडीचे उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा युरोपात 66 ते 69 टक्क्यांनी कमी, तर भारतात 19 ते 34 टक्क्यांनी कमी. तंत्रज्ञान दोन्हीकडे तेच आहे. फरक मुख्यतः प्लगमागे उभ्या असलेल्या कोळशाचा आहे.

तरीही इथे निराश होण्याचे कारण नाही. पेट्रोलची गाडी विकली गेली त्या दिवशीच तिच्या आयुष्यभराच्या धुराचे प्रमाण जवळपास ठरून जाते. विजेच्या गाडीचे तसे नसते. ग्रिड स्वच्छ होत गेला, की आज विकलेली गाडीही दरवर्षी स्वच्छ होत जाते. 2025 च्या मध्यावर भारताच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-खनिज स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. प्रत्यक्ष निर्मितीत अजून कोळशाचेच राज्य आहे, पण दिशा ठरली आहे. तेव्हा विजेच्या गाडीला आजच्या ग्रिडवरून नाकारणे चूक आणि आजच्या ग्रिडवर ती ‘शून्य उत्सर्जन’ म्हणून विकणेही चूक.

आता या साऱ्या चर्चेत ज्यांचे नाव क्वचित येते त्यांच्याकडे वळू. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल औद्योगिक वसाहतींच्या परिसरात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे ओतीव भाग, ब्रेकचे ड्रम अशा कितीतरी वस्तू इथून पुण्याला, नाशिकला, चेन्नईला जातात. इंडक्शन भट्टीत भंगार आणि बीड वितळवून लालभडक रस लॅडलमध्ये ओततात आणि तो वाळूच्या साच्यांत भरतात. एक टन लोखंड वितळवायला सुमारे 600 युनिट वीज लागते; आपल्या ग्रिडवर त्याचा अर्थ टनामागे 400 किलोहून अधिक कार्बन. विजेचा खर्च हा फाउंड्रीच्या जिवावरचा खर्च असल्याने रात्रीच्या सवलतीच्या दरासाठी अनेकांनी भट्ट्या रात्री चालवल्या. म्हणजे रस ओतण्याची वेळ आणि उन्हाची वेळ यांची गाठच पडत नसे. वापरून जळालेली वाळू हा आणखी एक प्रश्न. ती पुन्हा वापरण्याजोगी करणारी यंत्रणा महाग आहे, आणि नसली तर वाळूचे ढीग टाकायचे कुठे, याची पंचाईत.

अशा कारखानदाराकडे आता मोठ्या ग्राहक कंपनीची लांबलचक प्रश्नावली येते: तुमची वीज कुठली, टनामागे कार्बन किती, 2030 पर्यंतचा आराखडा काय? प्रश्न योग्य आहेत. पण त्याच कंपनीचा खरेदी विभाग दरवर्षी दर कमी करून मागतो, ऑर्डर वर्षाच्या वर्षाला नव्याने ठरते आणि पैसे येण्याची वाट पाहावी लागते. ज्याला पुढच्या वर्षी ऑर्डर मिळेल की नाही याची खात्री नाही, त्याने वीस वर्षे चालणाऱ्या सौरप्रकल्पासाठी कर्ज कशाच्या भरवशावर काढायचे? निर्यातीच्या बाजूने ताण वाढतोच आहे. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला. धातूंपैकी आज तो पोलाद, ॲल्युमिनियम आणि त्यांच्या काही वस्तूंना लागू आहे, पण या वाटेवर सुट्या भागांना कायमची सूट मिळेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

आपल्या हरित संक्रमणातला सर्वांत मोठा अन्याय इथे होऊ घातला आहे. नाव मोठ्या कंपनीचे होईल आणि खर्च लहान कारखानदाराच्या माथी बसेल. कंपन्या म्हणतात, आमचे पुरवठादार स्वतंत्र उद्योजक आहेत. त्यांच्या विजेवर आमचा ताबा कसा असेल? हा युक्तिवाद पटत नाही. ज्या कंपनीला पुरवठादाराच्या भागाची जाडी मायक्रॉनपर्यंत ठरवता येते, त्याने कुठल्या यंत्रावर, कुठल्या मिश्रधातूपासून, कशा चाचण्या करून माल द्यायचा हे सांगता येते, ज्या कंपनीची माणसे वर्षातून अनेकदा त्याच्या शॉप फ्लोअरवर तपासणीला येतात, तिला त्याच्या विजेबद्दल काहीच करता येत नाही, असे कसे मानायचे? जिथे अधिकार चालतो तिथे जबाबदारीही चालली पाहिजे.

आणि मार्ग उपलब्ध आहेत. सामूहिक कॅप्टिव्ह योजनेत वीज वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पात किमान 26 टक्के भांडवल घालायचे आणि किमान 51 टक्के वीज वापरायची, असा नियम आहे. 2022 च्या हरित खुल्या वापराच्या, म्हणजे हरित वीज थेट उत्पादकाकडून घेण्याच्या, नियमांनी पात्रतेची मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली. म्हणजे मध्यम फाउंड्रीलाही कायद्याने दार उघडे आहे. तिच्याकडे नाही ते भांडवल, बँकेपुढची पत आणि कागदपत्रे हाताळणारी माणसे. मोठी कंपनी पुढे होऊन आपल्या तीस-चाळीस पुरवठादारांना एका प्रकल्पात भागीदार करून घेऊ शकते, पाच-सात वर्षांची खरेदीची हमी देऊ शकते आणि त्या हमीवर बँक कर्ज देऊ शकते. पेंट शॉपमध्ये नवा ओव्हन टाळून जितका कार्बन वाचतो, त्याहून अधिक या एका कराराने वाचू शकेल.

पोलादाचेही असेच आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते हरित, आणि 1.6 टनांच्या खाली असेल तर सर्वोच्च, पंचतारांकित. हे पोलाद महाग पडेल आणि पहिले गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय कोणी त्याच्या भट्ट्या उभारणार नाही. मोटार उद्योग हे गिऱ्हाईक होऊ शकतो, कारण दहा-बारा लाखांच्या गाडीत पोलादाची वाढीव किंमत विरघळून जाते. घर बांधणाऱ्या माणसाच्या सळईत ती विरघळत नाही. भंगारातून पोलाद बनवले तर कार्बन आणखी घटतो. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या जुन्या वाहनांच्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, की पूर्वी विकलेल्या गाड्यांतल्या पोलादाचा ठराविक हिस्सा भंगारातून परत मिळवल्याचे दाखवावे; सुरुवातीचे प्रमाण 8 टक्के आहे. टाटा मोटर्सने 2023 मध्ये जयपूरपासून गाड्या मोडण्याची अधिकृत केंद्रे सुरू केली. प्रमाण लहान असले, तरी गाडीच्या शेवटाची जबाबदारी तिच्या निर्मात्याकडे आली, हे तत्त्व मोठे आहे.

बॅटरीचा हिशेब मात्र अजून बराच अंधारात आहे. भारतातल्या अनेक विजेच्या गाड्यांत आता कोबाल्ट आणि निकेल नसलेल्या, लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या येतात. त्यामुळे काँगोतल्या कोबाल्ट खाणींचा प्रश्न त्या गाड्यांपुरता सुटतो. पण सेल मुख्यतः चीनमधून येतात आणि त्यांमागची वीज किती स्वच्छ, हे ग्राहकाला कुठे वाचायला मिळत नाही.

रोजगाराची बाजूही विसरून चालणार नाही. विजेच्या गाडीत पिस्टन नसतो, क्रँकशाफ्ट नसतो, सायलेन्सर नसतो. भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या गाळ्यांत पिढ्यानपिढ्या हेच भाग घडवणारे हात आहेत. बदल थांबवून त्यांचे भले होणार नाही. जगाची बाजारपेठ पुढे गेली, की ते अधिक एकटे पडतील. परंतु बदलाचा वेग ठरवताना त्यांना विचारात न घेणे हा क्रूरपणा ठरेल. नव्या कारखान्यांना राज्य सरकार ज्या सवलती देते, त्यांना स्थानिक कामगारांच्या फेरप्रशिक्षणाची अट जोडायला काही हरकत नसावी.

दोन्ही पारड्यांत सगळे घालून झाल्यावर आमचा कौल असा आहे. मोटार कंपन्यांनी फाटकाच्या आत केलेले काम खरे आहे आणि त्याला दिखावा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. पण ते काम सोपे होते, कारण त्यात पैसा वाचत होता. अवघड काम आता सुरू होते, कारण त्यात पैसा घालावा लागणार आहे: महाग पोलाद घेणे, पुरवठादाराच्या खर्चात वाटा उचलणे, हलक्या गाड्या विकणे. यापुढे कंपनीची पारख या कामावरून व्हावी.

त्यासाठी तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, प्रत्येक मॉडेलचा खनिजापासून भंगारापर्यंतचा कार्बन गाडीच्या माहितीपत्रकात मायलेजच्या शेजारी छापला जावा. सेबीने 2022-23 पासून पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, ते चांगले झाले. पण पुरवठा साखळीची माहिती देण्याची तरतूद पुढे ढकलली गेली आणि ऐच्छिकही करण्यात आली. मोटार उद्योगात खरी गोष्ट त्या साखळीतच असल्याने ही माहिती निदान मोठ्या पुरवठादारांपुरती सक्तीची करावी. दुसरी, उत्सर्जनाच्या मर्यादेतली वजनाची सवलत टप्प्याटप्प्याने कमी करावी. तिसरी, पुरवठादाराकडून हरित वीज मागणाऱ्या कंपनीने दीर्घ मुदतीचा खरेदी करार आणि खर्चातला वाटा सोबत द्यावा. राज्य सरकारने आपल्या औद्योगिक सवलती अशा करारांशी जोडाव्यात.

ग्राहक म्हणून आपलाही वाटा आहे. गरजेपुरती लहान गाडी, विजेची असेल तर शक्य तेव्हा दिवसा चार्जिंग, आणि जिथे चांगली बस किंवा मेट्रो आहे तिथे गाडी घरी ठेवणे. सर्वांत स्वच्छ कारखान्यात बनलेली गाडीही भरलेल्या बसइतकी स्वच्छ होऊ शकत नाही, हे मोटार उद्योगाचे भले चिंतणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

2040 हे साल घोषणांमध्ये लांबचे वाटते. पण आज शोरूममधून निघालेल्या गाड्यांपैकी कित्येक तेव्हाही रस्त्यावर असतील आणि आज मागवलेले पोलाद त्यांच्या अंगात असेल. म्हणजे त्या सालचा शब्द पाळला जाणार की मोडला जाणार, हे यंदाच्या खरेदीच्या करारांत लिहिले जात आहे. मोटार कंपन्यांनी हे करार जगापुढे मांडावेत. त्यांत पुरवठादाराला दिलेली हमी आणि हरित पोलादाला मोजलेली किंमत दिसली, तर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला आम्हाला आनंदच होईल.